चार बाद, दोन नाबाद

१

भूपेश चौधरीच्या हॅचरीतून चार पाली नाहीशा झाल्या आणि त्यानं पहिला फोन मला केला.

"मॅडम, लवकर या. लई मोठं प्रकरण शे," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी रंजना गावित, नवापूरच्या सरकारी दवाखान्यातली ढोरांची डॉक्टर. या गावात हॅचरीवाल्याचा सकाळी सकाळी असा फोन आला की मी आधी वाईटच धरून चालते. बर्ड फ्लूच्या साथीत खड्डे खणून पुरलेल्या कोंबड्या मी पाहिल्यात. चहा तसाच टाकून, हातमोजे आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन मी धावत पोचले. कोंबड्या ठणठणीत होत्या. भूपेश बाजूच्या खोलीत उभा राहून एका फळीकडे बोट दाखवत होता.

"चोरी व्हयनी," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

भूपेश मूळचा शहाद्याकडच्या कळसाडीचा. वडील चुडामणभाऊ अजून तिकडे ऊस सांभाळतात. इथली हॅचरी त्याच्या आईनं, बेबीबाईंनी, उभी केली. भूपेशला पाली पाळायचा नाद. भिंतीवरच्या नव्हेत. जाड शेपटीच्या, ठिपक्याठिपक्यांच्या, पापण्या मिटणाऱ्या परदेशी पाली. त्यांना गेको म्हणतात. रीतसर नोंदणी करून त्यानं एक जोडी सुरतहून आणली होती. त्या जोडीची सहा अंडी नुकतीच फुटली. सहातली चार पिल्लं वेडीवाकडी निघाली. कुणाची शेपटी मुरडलेली, कुणाचा जबडा तिरका, एकाचा कणाच वाकलेला. दोन अगदी देखणी.

फळीवर सहा डबे ओळीनं ठेवलेले होते. चार रिकामे. झाकणं मात्र नीट लावलेली.

"गेली कुठली?" मी विचारलं.

"वाकडी चार."

"आणि चांगली दोन इथंच? भूपेश, दुकानात शिरून सडके टोमॅटो नेणारा चोर कधी पाहिलास?"

"चोर नही, दुश्मन शे. जोएल. काल इथं उभा राहून बोलला, ही चार बाद समज. रातमा उना आनि मारी टाकी त्यानं. मी ठाण्यात तक्रार देतो."

"आज कशाला?" दारातून एक हळू आवाज आला. भूपेशची बहीण जागृती लंगडत आत आली. तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. हॅचरीत अंडी उजेडावर धरून तपासायचं काम ती करते आणि तिच्याइतकी नजर तालुक्यात कुणाची नाही. "रविवारी सारंगखेड्याचे लोक येणार आहेत. दारात पोलीस दिसले तर काय म्हणतील?"

तिला बघायला येणार होते. भूपेशचा चेहरा उतरला. "त्यांना फोटो पसंत पडलाय मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. मोबाइलवरचा फोटो त्यानं मला दाखवला. सुंदर फोटो होता, पण कमरेपर्यंतच. पायाचं काही सांगितलंस का, असं मी विचारल्यावर तो फळी पुसायला लागला.

"माय, पिशवीत गरम पाणी भरी दे ना," जागृतीनं आत हाक दिली. "पाय ठणकी ऱ्हायना." आणि रबरी पिशवी काखेत मारून ती निघून गेली.

मी फळीकडे पुन्हा पाहिलं. पिल्लांच्या खाण्यावर भुरभुरायची कॅल्शियमची डबी कालपर्यंत तिथं होती. परवा मीच ती आणून दिली होती. आता तिचा धुळीतला गोल तेवढा उरला होता.

मारायला नेलेल्या पिल्लांना कॅल्शियम कशाला लागतं?

२

चर्चमागच्या गल्लीत जोएल कॉलेजला निघायच्या तयारीत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो काम करतो. भूपेशला गेकोचा नाद यानंच लावला, आणि कालच्या भांडणापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दोन मोठी माणसं पालीवरून अबोला धरतात आणि मधे मी हेलपाटे घालते. याच्यासाठीच मी शिकले असावे.

"मी का मारीन, मॅडम?" तो वैतागून म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो. ही जोडी एकाच पोटची आहे, भाऊबहीण. यांची पैदास करू नको. ऐकलं नाही. आता चार वाकडी निघाली तर फोटो असे काढतो की फक्त तोंडं दिसावीत. म्हणतो, यांचीही पुढं पैदास करू. मग बोललो मी, ही चार बाद समज."

"बाद म्हणजे?"

"पैदाशीतून बाद. जगू द्या, खाऊ द्या, जोडी लावू नका. दुसरा काय अर्थ असणार?"

त्याच्या खिडकीत कॅल्शियमच्या तीन भरलेल्या डब्या होत्या. याला आणखी एक उचलायची गरज नव्हती.

"वाकडेपण रक्तातलंच, अशी तुला खात्री आहे?"

"भाऊबहिणीची जोडी, मॅडम. दुसरं काय असणार?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या प्रकरणातली तीच एक पाल जागेवर होती. एकाच आईबापाची सहा पिल्लं, चार अशी आणि दोन तशी. रक्ताचा दोष असा येऊ शकतो. पण दुसऱ्याही कशानं येऊ शकतो.

"तू बाद म्हणालास तेव्हा खोलीत कोण होतं?"

जोएल थबकला. त्याचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"भूपेश होता. जागृतीताई मागच्या टेबलाशी अंडी तपासत होती. बेबीबाई दारात होत्या. आणि त्यांच्या मागं नारसिंग," तो सावकाश म्हणाला. "हातात ती बादली घेऊन."

३

ती बादली सगळ्या नवापूरला माहीत आहे. पिल्लं निघाली की हॅचरीत निवड होते. लंगडं, आंधळं, चोच वाकडी असलेलं पिल्लू वेगळं काढतात. त्याला बाद म्हणतात आणि ते निळ्या बादलीत जातं. बादलीतलं परत कोणी बघत नाही. धंदाच तसा आहे, त्यात कुणाला दोष द्यायचा? पण जोएलनं तो शब्द नेमका कुठं उच्चारला, हे आता माझ्या लक्षात आलं. कॉलेजात बाद झालेला मुलगा पुढच्या वर्षी परत बसतो. हॅचरीत बाद झालेला संध्याकाळ बघत नाही.

हॅचरीचा कामगार नारसिंग फाटकाशी पोती उचलत होता. डोंगरातल्या पाड्यावरून रोज सायकलनं येणारा, सरळ माणूस.

"तू टाकलीस का रे ती पिल्लं?"

"मी नाही टाकली, मॅडम." त्यानं पोतं खाली ठेवलं. "बेबीबाई बोलल्या होत्या. सकाळी आला की चार बाद काढून टाक, भूपेशभाऊला सांगू नको, तो रडत बसेल. मी सकाळी गेलो. डबे उघडले, तर आधीच रिकामे."

"झाकणं तूच लावलीस?"

"हो. मला बरं वाटलं, मॅडम. कोंबडीच्या पिल्लाचं हाताला सवयीचं झालंय. पण ते पालीचं पिल्लू डोळे मिटतं. माणसासारखं मिटतं. मी भूपेशभाऊला काही बोललो नाही, बोललो असतो तर नाव माझ्यावर आलं असतं."

म्हणजे कोणीतरी बादलीच्या आधी पोचलं होतं. बेबीबाईंनी दिलेला हुकूम ऐकलेलं, आणि तो पाळायचा नाही असं ठरवलेलं कोणीतरी.

४

पिल्लं कुठं असतील याचा मला आता अंदाज आला होता. पण ती वाकडी का झाली, हे कळल्याशिवाय ती सापडून उपयोग नव्हता. आज वाचली तर उद्या कोणीतरी पुन्हा बादली पुढं करणार. मी भूपेशला धरलं.

"फुटलेल्या अंड्यांची टरफलं टाकलीस?"

"नाही, ठेवलीत." त्यानं लाजत एक डबी काढली. बाळाची नाळ जपावी तशी कापसात ठेवली होती. या माणसाचं काय करावं तेच कळत नाही.

गेकोचं अंडं चामड्यासारखं मऊ असतं. कोंबडीचं अंडं उबवताना सारखं फिरवावं लागतं, हे फिरवलं तर आतला जीव मरतो. म्हणून भूपेशनं प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली होती.

"सगळी एकदमच घातली होती का?"

"नाही. मादी एका वेळी दोनच घालते. दोन घातली, मग दोन, आणि शेवटची दोन मी सारंगखेड्याहून आल्यावर."

"तू सारंगखेड्याला होतास?"

"डिसेंबरात. घोड्यांच्या जत्रेला. तिथंच तर जागूच्या स्थळाची गाठ पडली. घरी मायला बजावून गेलो होतो, अंड्यांना कोणी फिरवू नका. आलो तर फुल्या बरोबर वर. कोणी हात लावलेला नव्हता."

"आणि उबवणीच्या पेटीचा काटा?"

"तो थोडा वर सरकला होता. तीस अंशांवर ठेवला होता, चौतीसच्या पुढं गेला होता. व्होल्टेजमुळं असेल. मी खाली आणला."

हे मला तो आज सांगत होता. सकाळपासून माझा जीव खाऊन झाल्यावर. मी दात आवळून टरफलं उजेडात धरली. चार टरफलांवर फुलीशेजारी एक बारीक काळपट डाग होता. भूपेश म्हणाला, बुरशी. मी बोटानं चोळलं. बोटाला तेलकट काळं लागलं. शेवटच्या दोन टरफलांवर डाग नव्हता.

तेवढ्यात बेबीबाई चहा घेऊन आल्या. "पालीसाठे डॉक्टरबाईले इतला ताप? भिंतवर पाह्यजे तितल्या शेत वं माय," असं म्हणत त्यांनी कप पुढं केला. मी कप घेतला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहतच राहिले. साठी आली तरी त्या डोळ्यांत रोज घरी केलेलं काजळ घालतात.

"भूपेश," मी म्हटलं, "तू जरा बाहेर जा."

५

"बेबीबाई, कोंबडीचं अंडं बरोबर गरम आहे की नाही, हे तुम्ही कसं ओळखता?"

"कसं म्हंजे? डोयाले लावीसन." त्यांनी समोरच्या ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवलं. "काटा खोटा बोलस, डोया नही."

जुने हॅचरीवाले सगळे असंच करतात. अंडं पापणीला ना गरम लागलं पाहिजे ना गार. त्यांनी अंडं परत ठेवलं तेव्हा त्याच्या पांढऱ्या कवचावर काजळाचा डाग उमटला होता.

"आणि भूपेश जत्रेला गेला, तेव्हा त्याची अंडी?"

त्या थोड्या अवघडल्या. "फिरावली नही मी. फुली वरच ठेवी. फक्त डोयाले लावं. थंडगार लागनं वं! थंडीना दिवस, पोरगा जत्रामा, मनमा उनं, जीव गारठी जाई. म्हणीसन बटन जरासं वर करं. रोज जरासं."

चाळीस वर्षं न चुकलेल्या डोळ्यानं चूक केली होती. कोंबडीच्या अंड्याला लागते ती ऊब गेकोच्या अंड्याला भट्टी होते. पहिली चार अंडी त्या आचेत भाजली, आतल्या जिवांची हाडं घडायच्या वेळीच. शेवटची दोन आली तेव्हा काटा खाली होता. मी हे त्यांना सांगितलं. सांगायला हवं होतं.

बेबीबाई खाली बसल्या. 

"परत मन्हाच हातथीन?"

"परत म्हणजे?"

"जागूना टाइमले गरन व्हतं. मी भाजी चिरी. सासू नको सांगे, मी ऐकं नही. पोरना पाय वाकडा व्हयना."

आता मात्र माझा संताप अनावर झाला. सासूवर, त्या ग्रहणावर, इतकी वर्षं हे ओझं वाहू देणाऱ्या सगळ्या घरावर.

"बेबीबाई, नीट ऐका. ग्रहणानं पाय वाकडा होत नाही. भाजी चिरल्यानं तर मुळीच नाही. बटणानं शेपट्या वाकड्या झाल्या, ती चूक तुमची. पायाची नाही. कधीच नव्हती."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तो काळा झाला. मी थोडा वेळ तिथंच बसले, मग उठून जागृतीच्या खोलीकडे गेले.

ती खाटेवर बसून होती. ठणकणारा पाय गार फरशीवर उघडा टेकवलेला. पाणी भरून नेलेली गरम पिशवी कुठंच दिसत नव्हती.

"जागृती, पाय शेकत नाहीस?"

तिनं खाटेखाली एक नजर टाकली. मी वाकून खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढला. टॉवेलात गुंडाळलेली पिशवी, तिच्यावर कागदाचा खोका, शेजारी कॅल्शियमची डबी. खोक्यात चार वाकडी पिल्लं एकमेकांना चिकटून झोपली होती. एकानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"माय यास्ले बादलीमा टाकाले लागनी व्हती," ती म्हणाली. नजर खाली नव्हती. "मागच्या स्थळाचे लोक गेले, तेव्हा मी पडद्यामागं होते. त्यांची आत्या बोलली, पोरगी हुशार, पण पायामुळं बाद."

६

मी सगळ्यांना पालींच्या खोलीत बसवलं. जोएललाही बोलावून घेतलं. खोका मधे ठेवला आणि काय कसं झालं ते सांगितलं: काजळ, काटा, जत्रा, बाद, बादली. नारसिंग दारात उभा राहून ऐकत होता. भूपेशनं जोएलकडे बघितलं, जोएलनं पंख्याकडे. माफी मागायची वेळ आली की दोघांनाही छत आवडतं.

मग भूपेशला उमगलं आणि तो उडालाच. "म्हणजे रक्तात दोष नाही! मॅडम, मग जोडी पुन्हा लावू? आणि या चारांचीही पुढं..."

"गप्प बस," मी ओरडले. सकाळपासूनचं सगळं त्या दोन शब्दांत निघालं. "भाऊबहिणीची जोडी परत लावायची नाही, जोएल त्यात बरोबर आहे. या वेळी उष्णता नडली, पुढच्या वेळी रक्त नडेल. आणि या चारांची पैदास करायची नाही. दोष पुढं जाईल म्हणून नाही, तर कणा वाकलेल्या मादीच्या पोटात अंडं अडकतं आणि ती तडफडून मरते म्हणून. जबडा तिरका तो नीट खाऊ शकत नाही, त्याला भरवावं लागेल. जगवायचं आणि सांभाळायचं. बाद हा शब्द या खोलीत पुन्हा कोणी काढायचा नाही."

 मला वाटलं, संपलं. मी माझी पिशवी उचलली.

"आनि मन्हं काय, मॅडम?" जागृतीनं विचारलं.

"तुझं काय?"

"यांची पैदास नको म्हणालात. सारंगखेड्याचे लोकही तेच विचारणार, पाय रक्तातला आहे का. मग मी कोण, चारातली की दोनातली?"

बेबीबाईंनी मान फिरवली. भूपेश पुन्हा फळी पुसायला लागला. मला एकदम इतका राग आला की कुणावर काढावा तेच कळेना.

"मी ढोरांची डॉक्टर आहे," मी म्हटलं. "तुझ्या पायाचं नंदुरबारला हाडांच्या डॉक्टरला विचार, तो खरं सांगेल. पण एक मला कळतं. या पिल्लांना विचारता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं आपण ठरवतो. तुला विचारता येतं. तुला हे स्थळ हवं का? पोरं हवीत का? कोणी विचारलं तुला?"

 भूपेशचा हात फळीवर थांबला होता.

"नही," ती म्हणाली. "माले कोन्ही इचारं नही."

भूपेश खाली मान घालून म्हणाला, "मी विचारतो. जागू, तुला हवं का?"

"आधी माझा नीट फोटो काढ," ती म्हणाली. "मग सांगते."

तिनं वाकड्या कण्याचं पिल्लू तळहातावर घेतलं आणि उन्हात अंगणात जाऊन उभी राहिली. भूपेशनं मोबाइल धरला तेव्हा सवयीनं त्याचा हात वर गेला. ती म्हणाली, "खाली घे भाऊ. पायापर्यंत." त्यानं घेतला. मुरडलेला पाय, वाकडी पाल, आणि या घरात मी पहिल्यांदाच पाहिलेलं तिचं हसू, सगळं त्या फोटोत आलं. तो तिनं स्वतःच्या हातानं सारंगखेड्याच्या योगेंद्रला, तिला बघायला येणाऱ्या मुलाला, पाठवला.

आम्ही सगळे त्या मोबाइलकडे बघत बसलो. जोएल कॉलेज विसरला, नारसिंग पोती विसरला, आणि मी दवाखान्यात वाट बघत असलेल्या म्हशी विसरले. चहा आला, थंड झाला. 

शेवटी मोबाइल वाजला. जागृतीनं वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना.

"काय म्हनस?" बेबीबाईंनी घाबरत विचारलं.

जागृतीनं मोबाइल माझ्या हातात दिला. योगेंद्रनं एकच ओळ लिहिली होती.

"ती पाल चावस का?"